पाडव्याचं तेल

पाडव्याला नानांना तेल लावायचं काम आईचं. यंदा आई नव्हती, म्हणून वाटी लेकीच्या, शलाकाच्या हाती आली. लहानपणी याच माणसानं तिला पट्ट्यानं, चपलेनं, हाताला लागेल त्यानं झोडपलं होतं. पटकन उरकावं आणि सुटावं, असं मनाशी म्हणत तिनं तेलाचा हात त्यांच्या टाळूकडे नेला.

नानांना हल्ली दिसत नसे. डोक्यावर हात आल्याची चाहूल लागताच त्यांनी अंग चोरलं आणि कोपर झटकन कानावर घेतलं.

शलाका बघतच राहिली. पट्टा निघाला की तीही अगदी असंच कोपर घ्यायची. पण नाना हे कुठं शिकले?

"मी आहे, नाना. तेल लावतेय." मग तिला राहवेना. "तुम्हाला कोण मारायचं हो?"

"माझे काका," नाना म्हणाले. "वखारीत. हाताला लागेल त्या लाकडानं."

"म्हणजे किती लागतं ते ठाऊक होतं तुम्हाला. तरी मला मारलंत?"

नानांनी कोपर खाली घेतलं. "ठाऊक होतं," ते म्हणाले. "तरी मारलं."

शलाकाचा राग काही विरघळला नाही, पण उरकून सुटायची घाई मात्र कुठच्या कुठं गेली. वाटीतलं तेल निवलं होतं.

"उठू नका," ती म्हणाली. "तेल कोमट करून आणते. मग त्या काकांचं पहिल्यापासून सांगा मला."