दोन टायर

घाटात मोटारसायकल घसरून थोरला संपत गेला, तेव्हापासून द्वारकाबाईंनी त्या गाडीला कोणाला हात लावू दिला नव्हता. आता धाकट्या शीतलला त्याच घाटापलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी लागली होती आणि तिकडे एसटी जात नव्हती. उभ्या उभ्या गाडीचे टायर तडकले होते. मायलेकी ती ढकलत टायरच्या दुकानात आल्या.

दुकानदाराने एक टायर पुढे केला. "हा घ्या ताई. गाडी हलकी पळते, पेट्रोल वाचतं."

शीतल हो म्हणणार, तोच द्वारकाबाईंनी विचारलं, "ओल्या रस्त्याला कुठला धरतो?"

त्याने खोल नक्षीचा टायर काढला. द्वारकाबाईंनी तो मांडीवर घेऊन एकेका खाचेत अंगठा दाबून पाहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "हेच बसवा. दोन्ही."

टायर बसल्यावर शीतल म्हणाली, "आई, तू रिक्षाने घरी जा. मी सावकाश येते."

द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि लेकीचा खांदा धरून त्या मागे बसल्या.

"घरी नको," त्या म्हणाल्या. "आधी तुझा दवाखाना दाखव."