संथ पट्टी

यशवंतराव खुर्चीत बसून पत्नी प्रमिलाबाईंकडे परक्या पाहुणीकडे पाहावे तसे पाहत होते. पक्षाघातानंतर त्यांची स्मृती टेबलावरच्या संगणकातूनच चाले आणि त्यातल्या दोन रॅमपट्ट्यांपैकी एक सकाळी जळाली होती.

"त्या पट्टीतलं सगळं तात्पुरत्या साठ्यात उतरवलंय, वहिनी," तंत्रज्ञ नाफडे म्हणाले. "पण बॅटरी चारच मिनिटं टिकेल. असली पट्टी आता मिळत नाही."

प्रमिलाबाईंनी कपाटातून स्वतःच्या जुन्या संगणकाची पट्टी काढली. त्या संगणकाला यशवंतराव 'बैलगाडी' म्हणून हिणवत.

"ही फारच संथ आहे," नाफडे कचरले. "जुळली तर दोन्ही पट्ट्या हिच्याच चालीनं चालतील. नाही जुळली, तर तुमची चाळीस वर्षं साहेबांच्या लेखी पुसली जातील."

"बसवा."

खाचेत पट्टी खट्कन बसली. नाफड्यांनी कळ दाबली. "एक बीप आली तर जुळलं. लागोपाठ तीन आल्या तर संपलं."

पंखा फिरू लागला. एक बीप झाली. प्रमिलाबाईंनी श्वास रोखून धरला. दुसरी आली नाही.

"अहो, मी काय म्हणते..." इतके बोलून त्या सवयीने थांबल्या. चाळीस वर्षांत यशवंतरावांनी त्यांचे एकही वाक्य पुरे होऊ दिले नव्हते.

यशवंतरावांच्या चेहऱ्यावर सावकाश ओळख उमटली.

"थांबलीस का गं? बैलगाडी अडली की काय?" ते म्हणाले, आणि प्रमिलाबाईंच्या उत्तराची चक्क वाट पाहत राहिले.