घासलेला दगड

“मी तुमचा लेख चोरला, एवढंच तुम्ही सोमवारी कोर्टात येऊन सांगायचं,” प्रभाकरपंत म्हणाले आणि लगेच वळून त्यांनी दाराकडं पाहिलं.

महिपतरावांनी मान वर केली नाही. कुठंही जाताना बरोबर नेत त्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी शिंपडून ते वाळूनं दगड घासत होते. कल्याणच्या त्या एका खोलीच्या शिळाछापखान्यात दर आठवड्याला याच दगडावर मजकूर उमटायचा, साठ प्रती निघायच्या आणि पुढच्या अंकासाठी दगड घासून पुन्हा कोरा व्हायचा.

प्रभाकरपंतांचं ठाण्याचं साप्ताहिक चांगलं शिशाच्या खिळ्यांवर छापलेलं, चारशे वर्गणीदारांचं. सभेला त्यांच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवलेली असे. एवढ्या मोठ्या माणसाला साठ प्रतींच्या पत्रातला मजकूर उचलताना चोरी केल्यासारखं वाटत नाही, उलट उपकार केल्यासारखं वाटतं. खाडीवरच्या मिठागरात, ते ठेक्यानं घेतलेल्या इजारदाराच्या मुकादमानं धाकू नावाच्या मजुराला मारून मारून त्याचा जीव घेतला, ही हकिकत त्यांनी अशीच उचलली. मथळा बदलला, दोन विशेषणं चढवली. ‘हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्य फार ठसठशीत होतं, म्हणून ते तसंच ठेवलं. त्या वाक्याचं वर्गणीदारांनी तोंडभरून कौतुक केलं. मग मॅजिस्ट्रेटचं समन्स आलं. पाहिलं म्हणता, तर येऊन सांगा.

“पाहिलं म्हणून सांगा की,” महिपतराव म्हणाले.

“कसं सांगू? त्याच दिवशी, त्याच वेळी मी ठाण्यात वाचनालयाच्या सभेचा अध्यक्ष होतो. तो वृत्तांत माझ्याच अंकात आहे, पान दुसरं. इजारदाराचा वकील तोच अंक माझ्यापुढं धरील आणि खोट्या साक्षीबद्दल मला आत टाकतील.”

“मग नाही पाहिलं म्हणा.”

“म्हणजे इजारदार अब्रुनुकसानीचा दावा लावणार. आणि मुकादम सुटणार. दुसरा साक्षीदारच नाही. मिठागरातल्या सगळ्या मजुरांनी तोंडं मिटून घेतलीत.” पंत दगडाजवळ आले. “महिपतराव, मला भीती वाटते हो. चार दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही. तुम्ही तिथं होता. तुम्ही पाहिलंत, तुम्ही लिहिलंत. मी चोर आहे हे सगळ्यांदेखत कबूल करतो. फक्त तुमचा तो अंक मला द्या.”

“अंक नाही.”

“एखादी तरी प्रत असेल.”

“तुमचा अंक निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी इजारदाराचे दोघे जण इथं येऊन बसले. काही बोलले नाहीत. माझ्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन तिचं नाव विचारलं आणि गेले.” महिपतरावांनी दगडावर पुन्हा वाळू टाकली. “त्या दिवशी मी घरोघर हिंडून साठातल्या एकोणसाठ प्रती परत आणल्या. बंबात घातल्या. साठावी तुमच्याकडं येते, दर आठवड्याला.”

ती प्रत पंतांनी स्वतःच जाळली होती. मजकूर कुठून उचलला ते खिळे जुळवणाऱ्यालाही कळू नये, म्हणून आधी आपल्या अक्षरात उतरवून घेतला होता आणि मगच जाळली होती.

“तेव्हा आता तो लेख तुमचाच,” महिपतराव म्हणाले. “मी काही लिहिलं नाही. मी तिथं नव्हतो.”

हे म्हणताना ते कोरा झालेला दगडच पुन्हा पुन्हा घासत होते. पंतांना ते दिसलं. पण समोरच्याची भीती दिसली म्हणून आपली कमी होत नाही. त्यांनी पगडी उचलली, ती डोक्यावर नीट बसेना. तशीच घालून ते उठले.

बाहेर ओट्याच्या पायरीशी शेवंती बसली होती. धाकूची बायको. समन्स आल्याचं कळल्यापासून ती ठाण्यात पंतांच्या दाराशीच बसून असायची. आपल्या माणसासाठी बोलणारा एकच जण आहे, तो कुठं पळून जाऊ नये किंवा त्याला कुणी पळवू नये, एवढंच तिला कळत होतं. आज ते कल्याणला निघाले तशी तीही मागोमाग आली होती.

पंतांना पाहून ती उठली. आजवर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

“दादा, तुमी व्हते ना तवा तिथं?”

पंतांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“मना कोनी काय सांगत नाय. तुमी पायलंव, म्हनून इचारतंय.” तिनं पदर तोंडाशी धरला. “जीव जाताना त्यांनी पानी मांगलं का हो?”

पंतांनी आठवून पाहिलं. लेखातली प्रत्येक ओळ त्यांना पाठ होती. त्यात मुकादमाची काठी होती, उन्हानं तापलेलं मिठाचं आगर होतं, सरकारला खरमरीत सवाल होते. पाण्याचं काही नव्हतं. चारशे घरांत वाचला गेलेला माणूस या बाईपुढं नुसता उभा राहिला. ती वाट पाहत होती.

आत दगड घासण्याचा आवाज थांबला.

महिपतराव उंबऱ्यात आले होते. त्यांचे हात कोपरापर्यंत ओल्या वाळूनं भरलेले होते.

“मागितलं, बाई,” ते म्हणाले. “दोनदा मागितलं.”

शेवंती त्यांच्याकडं वळली. त्यांनी हातातला तांब्या तिला दिसेल असा थोडा वर धरला.

“हाच होता माझ्याजवळ. भरलेला.”