बारा मिनिटं

"बारा मिनिटं. त्यापुढे फोन आपण ठेवायचा," असं म्हणत सल्लागारानं कागद टेबलावर सरकवला. काकूंनी तो न वाचताच पालथा घातला.

"आणि समोरचा बोलत असला तर?"

"तर त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ द्यायची."

"दुसरा दिवस त्याला बघायचा असता तर त्यानं आपल्याला फोन कशाला केला असता, साहेब?"

हा 'साहेब' काकू असा उच्चारायच्या की ऐकणाऱ्याला चिमटा बसावा. संस्थेचं काम एकच होतं. ज्याला जगणं नकोसं झालंय त्यानं फोन करावा, इकडच्या माणसानं ऐकावं. नाव विचारायचं नाही, ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही आणि आपण होऊन फोन ठेवायचा नाही. हे नियम काकूंनीच बावीस वर्षांपूर्वी घातले होते. आता संस्था मजबूत करायची म्हणून अध्यक्षांनी बाहेरचा तज्ज्ञ आणला होता. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'स्टॉपवॉच' ठेवलं. तीन आठवडे तो दिसला की त्या पाठ फिरवत. त्याचे प्रश्न इतरांकडे जात आणि काकूंकडे फक्त छापील तक्ते येत. ते त्या चहाच्या कपाखाली ठेवत.

"तुम्ही एकाशी तासभर बोलता," सल्लागारानं आवाज चढवला, "तेव्हा सहा जणांना फोन लागत नाही. त्या सहांचं काय झालं, विचारलंय कधी स्वतःला?"

हे काकूंना लागलं. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं.

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं," त्या म्हणाल्या. "एक फोन घेऊन दाखवा, मग शिकवा."

"घेतले नाहीत, पण केलेत. चाचणीसाठी. तीन. तिन्ही काकूंनीच उचलले." तो फळ्याकडे वळला आणि आकडे लिहू लागला. "नोकरी गेली म्हणून रडगाणं गायलो. सहाव्या मिनिटाला मला हवी ती माहिती मिळाली होती. पुढचा अर्धा तास काकू माझ्या नसलेल्या आजारी आईची चौकशी करत होत्या."

फोनवर बसणारे बाकीचे तिघं हसले. काल शिकायला आलेली मुलगीसुद्धा हसली. काकूंची कानशिलं तापली. असा पाणउतारा त्यांचा या खोलीत कधी झाला नव्हता.

तो पाठमोराच बोलत राहिला. त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. आणि नुसता आवाज ऐकणं हेच तर काकूंचं बावीस वर्षांचं काम.

त्यांनी मान वर केली.

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, हाच आवाज. सत्तर मिनिटं. त्यात नोकरीचं रडगाणं नव्हतं की आजारी आई नव्हती. शेवटी तो म्हणाला होता, "उद्या सकाळपर्यंत थांबतो. पुढचं सांगत नाही." सोमवारी काकूंना जेवण गेलं नव्हतं. थांबला की नाही, हे कळायचा मार्गच नव्हता. फोन करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते या कामात कधीच कळत नाही.

आहे की! जिवंत आहे! काकूंना अगदी हायसं वाटलं. आणि पाठोपाठ दुसरंच काही मनात आलं, ज्याची त्यांना लगेच लाज वाटली. हातात आयतं कोलीत आलं होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, हा माणूस कागद गोळा करून दाराबाहेर गेला असता.

सल्लागार वळला. काकूंची नजर त्याच्या नजरेला भिडली आणि त्याच्या हातातला खडू थांबला. त्याला कळलं होतं.

"काकू," टेबलाच्या टोकाला बसलेले अध्यक्ष वैतागून म्हणाले, "आता वाद पुरे. बारा मिनिटं ज्याला मान्य नाहीत, त्यानं उद्यापासून फोनवर बसू नये. यांनी स्वतः तीन फोन करून बघितलंय. तुमचं काही म्हणणं आहे?"

सल्लागाराच्या कपाळावर घाम आला होता.

काकूंनी नजर खाली वळवली. "नाही," त्या म्हणाल्या. "तीनच फोन केले त्यांनी. तिन्ही वेळा मी वेळ घालवला, हेही खरं. पण समोरचा बोलत असताना फोन ठेवणं मला जमायचं नाही. माझी खुर्ची द्या कुणालातरी."

त्यांनी पिशवी उचलली. तिघांपैकी कुणी त्यांच्याकडे बघेना. अध्यक्षांनी सुस्कारा सोडून सल्लागाराच्या कागदावर सही करायला पेन काढलं.

सल्लागारानं कागदावर हात ठेवला.

"चार," तो म्हणाला. "फोन चार केले. चौथा चाचणीचा नव्हता, आणि त्यात माझ्या तोंडून पहिला शब्द फुटला तो चौदाव्या मिनिटाला."