नावाच्या जागी नाव

“सप्रेम जयभीम. आई, तू बरी असशीलच. भागिरथा मावशीचे गुडघे कसे आहेत?” जगदेव गुरुजींनी एवढं वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं.

रंगूबाईनं जातं थांबवलं. तूर भरडायची तर खुंट्याला दोघींचे हात लागतात. दिवाळीपासून तिचाच एक होता.

“चवथ्यांदा,” ती म्हणाली. “बहीण जाऊन चार महिने झाले, अन् हा अजून तिचे गुडघेच इचारून राह्यला. माहे कागद वाचते का नाही हो गुरुजी, हा पोरगा?”

गुरुजींनी पत्र मांडीवर सपाट केलं. लांब, हिरव्या पट्ट्यांचा कागद, दोन्ही कडांना भोकं, आणि इंग्रजी अक्षरांत छापलेलं मराठी. वर तारीख, मार्च १९७९. रंगूबाईचा इंद्रभान स्कॉटलंडात शिकायला गेला त्याला दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर हातानं लिहिलेली पत्रं आली, शाईचे डाग पडलेली. मग ही सुरू झाली. अनसिंगच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी ती वाचून दाखवत आणि उत्तरही तेच लिहीत.

“त्याचं काय आहे रंगूबाई, तिथल्या त्याच्या मास्तरांनी कॉम्प्युटर नावाच्या यंत्रासाठी एक नवी भाषा केली. गणितातलं बरोबर-चूक तपासायला. मोठी कडक. यानं तिला आपली बारीकसारीक कामं लावली. धुण्याची यादी, जेवणाच्या पाळ्या, तुमचं पत्र. सोबतचे हसतात म्हणे त्याला.”

“कडक म्हंजे?”

“पत्राचा साचा तोच, त्यात प्रत्येक जागा आधी ठरलेली. आकड्याच्या जागी आकडा, नावाच्या जागी नाव. दुसरं काही घातलं, का जागा रिकामी सोडली, तर यंत्र चालूच होत नाही. आधीच अडवते.”

रंगूबाईनं मूठभर तूर जात्यात टाकली, पण ओढलं नाही.

“अन् ज्याचं नाव घातलं तो माणूस जित्ता हाये का, हे नाही पाहत?”

“नाही. ते लिहिणाऱ्यानं पाहायचं.”

“मंग लिहिणाऱ्याले तं मी सांगतलं होतं. तुमच्याच हातानं. याच वट्ट्यावर बसून.”

गुरुजींनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“परीक्षा होती त्याची. परका मुलूख, एकटं पोरगं. मी म्हटलं…”

“तुमी काय म्हटलं ते राहू द्या. लेहलं काय?”

“घरी सर्व खुशाल.”

“अन् मांगून जे कागद गेले, त्याच्यात?”

“तेच.”

त्या दिवशी ती रडत रडत अर्धा तास बोलली होती आणि गुरुजींचं पेन दोनच ओळी चाललं होतं. तिनं ते तेव्हाही पाहिलं होतं. शिकलेल्या माणसाच्या दोन ओळींत मावत असेल सगळं, असं तिला वाटलं होतं.

“म्हंजे एक मशीन तिकडं अन् एक इकडं,” ती म्हणाली. तिला हसू आलं, खरंच आलं. “अन् मी मनात पोराले शिव्या देऊन राह्यली होती.”

“चुकलंच माझं.” गुरुजींनी पिशवीतून निळं हवाई पत्र काढलं, पेनचं टोपण उघडलं. “सांगा. तुमचा एक शब्द गाळत नाही.”

“लिहा. भागिरथा गेली. झोपीतच गेली, तरास नाही झाला. रातच्याले माह्यासंगं जेवली होती.”

गुरुजींनी लिहिलं. मग न सांगता वाचूनही दाखवलं.

“आता त्याचं पत्र अडणार,” ते स्वतःशीच म्हणाले. “मावशीच्या जागी कुणाचं तरी नाव तर लागेल.”

जात्याच्या पलीकडं बसायचं गोणपाट अजून अंथरलेलंच होतं. रंगूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग खुंटा धरला.

“माहं घाल म्हणा,” ती म्हणाली. “गुडघे माहेबी दुखतात.”