जुनं तीन, नवं एक

"परत पायपुसण्यावर!" ठकू ओरडली आणि काकू हातातला चमचा टाकून धावली.

सकाळपासून पातळ शी व्हायची ही तिसरी वेळ. शेपट्या कोपऱ्यात अंग चोरून उभा. कुत्र्यांच्या शेल्टरमधून त्याला आणून जेमतेम पाच दिवस झालेले. शेपूट अर्धीच, म्हणून नाव शेपट्या. ठकूनंच ठेवलेलं. बिचाऱ्याला वाटलं, आता बसतोय मार. पण काकूचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती पायपुसण्याकडे बघत होती, अगदी वाकून, निरखून. कारण काकू रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. "दिवसभर लोकांची तपासा, घरी आलं की हे!" असं म्हणता म्हणता तिनं डबीत नमुना भरलासुद्धा.

आता ही काकू म्हणजे ठकूची सख्खी काकू नव्हे बरं का. ठकूची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तीन महिन्यांपूर्वी तिच्या बाबांनी या काकूशी लग्न केलं. लग्नाआधी ती काकू होती, लग्नानंतरही काकूच राहिली. नऊ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार, आणि काय?

काकूनं मात्र जीव ओतला होता. आल्या आल्या पडदे नवे. शाळेचा डबा नवा, चित्रांचा. पलंगावरची चादर नवी कोरी. डब्यात रोज काहीतरी वेगळं, आणि डबा रोज अर्धा परत. वर सकाळी ठरलेलं वाक्य, "माझं पोट दुखतंय." मग ठकूनं हट्ट करून शेपट्याला आणलं आणि किती दिवसांनी पोरगी खळखळून हसली! झालं. काकूनं शेपट्यावरही तसाच जीव ओतला. शेल्टरवाल्यांनी पिशवी भरून खाणं दिलं होतं, कोरडं, खड्यांसारखं. ते तिनं पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. "असलं काय खायचं बाळानं?" त्याऐवजी चिकन, अंडी, दही, कलेजी. राजेशाही थाट नुसता!

आणि पाच दिवस पायपुसणी धुणं चालू.

"पुढच्या रविवारपर्यंत बघू," ठकूचे बाबा मोजे चढवत म्हणाले. "नाहीतर शेल्टरला परत. अगं, त्याचेही हाल, आपलेही."

शेपट्याच्या गळ्यात हात टाकून ठकू त्याच्या कानात कुजबुजली, पण कुजबुज अशी की सगळ्या घराला ऐकू जावी. "इथं नवीन सगळं लगेच आवडावं लागतं. कळलं का रे?"

काकूनं ते ऐकलं. डबीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिनं नमुना काचेवर घेतला. एकदा पाहिला, दोनदा पाहिला. जंत नाहीत, त्यांची अंडी नाहीत, काही म्हणजे काही नाही. एरवी आनंदाची गोष्ट. पण काकूचा चेहराच पडला. काही सापडलं असतं तर त्यावर औषध तरी देता आलं असतं ना!

संध्याकाळी तिनं ठकूला आणि शेपट्याला थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, मग लिहायला बसल्या. "काय काय देता?"

काकूनं यादी सांगितली. जरा ऐटीतच.

"आणि आधीचं खाणं?"

"फेकलं."

बाईंचं पेन थांबलं. "सगळं?"

"सगळं. पहिल्याच दिवशी."

"अहो, तुमचं चांगलंच आहे हो. पण पोटाला जुन्याची सवय असते. ते एकदम काढून घेतलं तर त्यानं काय करायचं?" बाई हसल्या. "दोन दिवस नुसता मऊ भात. मग तीन दिवस जुनं तीन वाट्या, नवं एक. नंतर निम्मं-निम्मं. मग जुनं एक, नवं तीन. घाई करायची नाही."

ठकूनं शेपट्याचं पोट चोळत जोरात मान डोलावली. काकू तिच्याकडे बघतच राहिली.

घरी येताना शेल्टरमधून त्याच खाण्याची दुसरी पिशवी आणली. आणि घरी आल्यावर काकू स्टुलावर चढली. माळ्यावरून जुनी, विटकी, फुलाफुलांची चादर काढली. ठकूच्या पलंगावर घातली. नवी घडी करून पायाशी ठेवली. मग पोचे आलेला जुना डबा शोधून काढला. "ठकू, डब्यात आधी काय काय असायचं गं?"

ठकूनं बराच वेळ चादरीवरून हात फिरवला. मग सांगितलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत, एकेक वार.

शेपट्याच्या खाण्याचा तक्ता फ्रिजवर लागला. आणि रविवारी शेपट्याला फिरवून काकू बाहेरून ओरडतच आली, "घट्ट! अहो, आज एकदम घट्ट!" जणू पोरगी शाळेत पहिली आली!

"आता काय, फोटो काढून भिंतीवर लावू?" बाबा म्हणाले. शेल्टरचं नाव पुन्हा निघालं नाही.

सोमवारी सकाळी नेहमीची धांदल. "काकू, माझे मोजे?" "काकू, शेपट्यानं रबर पळवलं!" "काकू, डबा!" आणि दारातून, बूट घालता घालता, "आई, येते गं."

काकू जागच्या जागी थिजली. छे, चुकून निघालं असेल तोंडातून. पोर घाईत होती.

ती शेपट्याचं खाणं मोजायला फ्रिजपाशी गेली. त्याच्या तक्त्याखाली पेन्सिलीनं आणखी एक तक्ता आखलेला होता. वर नाव, ठकू. खाली पहिलीच ओळ: "दिवस १ ते ३. काकू तीन वेळा, आई एकदा. घाई करायची नाही."