घाटावरचा ठिपका

सीमेवरच्या दालनात भिंतभर नकाशा होता. दोन्ही देशांत प्रत्येकाच्या कातडीखाली चिप होती; तिच्यामुळे एचआयव्हीची लागण झालेला प्रत्येक जिवंत माणूस नकाशावर लाल ठिपका होऊन दिसे. नदीच्या अलीकडचा आपला देश जवळजवळ कोरा होता आणि पलीकडचा लालेलाल.

"तिकडेच एवढा रोग कसा हो, बाई?" एका गृहस्थांनी विचारलं.

माहिती सांगणाऱ्या शाल्मलीला उत्तर पाठ होतं: आपली शिस्त. आज ते तिच्या तोंडून निघेना.

"तिकडे सगळ्यांना औषध मिळतं, म्हणून माणसं जगतात," ती म्हणाली. "आपल्याकडची लाजेनं लपून राहिली. त्यांचे ठिपके विझले."

बाहेर दिवेलागण होत आली होती. तिची नजर नकाशातल्या पलीकडच्या घाटाकडे गेली. लागण झाल्याचं कळल्यावर तिचा भाऊ नदी ओलांडून गेला होता. परत यायला त्याला बंदी होती. "रोज दिवेलागणीला घाटावर येत जाईन," एवढंच तो बोलला होता.

एक ठिपका सावकाश घाटावर आला आणि थांबला.

"मग तिकडचे हे ठिपके कमी कधी व्हायचे?" गृहस्थांनी विचारलं.

शाल्मलीनं त्या ठिपक्यावर बोट टेकलं.

"असं नका हो म्हणू."